चष्म्याची गोल रेघ

ताईची नखं मला स्वच्छ अशी आठवतच नाहीत. लग्नाआधी असतील, पण लग्न झालं आणि नखांच्या कडांना तपकिरी रंग बसला, तो बसलाच. आई होती तोवर कुठे जायचं म्हटलं की ताईला नळाखाली उभी करून ब्रशने बोटं घासायला लावायची. ताई घासघास घासायची आणि शेवटी म्हणायची, "निघत नाही गं. तो निघू नये म्हणूनच बनवतात." आई कपाळाला हात लावायची आणि मला बजावायची, की तू तरी असल्या उद्योगात पडू नकोस. मी शिवणकामात पडले.

तो रंग म्हणजे लाकडाला द्यायचा स्टेन. ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, लाकडावर जाळून चित्रं काढतात. विजेवर तापणारं पेन असतं, त्याच्या टोकाला बारीक तार. ती तापली की लाकडावर टेकवायची आणि रेघ ओढायची. शाई नाही, काही नाही, नुसता चटका. माणसांचे चेहरे, दारावरच्या पाट्या, कुणाचा लाडका कुत्रा, कुणाचं विकून टाकलेलं घर. गल्लीत त्यांना सगळे चटकेमास्तर म्हणतात. भाऊजींना ते नाव मनातून आवडतं, पण वर तसं दाखवत नाहीत.

भाऊजींचं जाळून झालं की फळी ताईकडे येते. घासणं, पुसणं, सीलर लावणं, स्टेन देणं, त्यावर पॉलिशचे हात चढवणं, हे सगळं ताईचं. लोक म्हणतात, चित्र मास्तरांचं. खरंच आहे ते. पण ताईच्या हाताखालून गेल्याशिवाय ती फळी म्हणजे करपलेलं लाकूड असतं, आणि हे मी बहीण म्हणून नाही, शेजारीण म्हणून सांगते.

शेजारीण म्हणजे अगदी भिंतीला भिंत. भिंत कसली, प्लायवूड. मुळात एकच गाळा, मध्ये प्लायवूड ठोकून दोन केलेत, आणि येण्याजाण्यापुरती जागा सोडलीय. तिकडच्या पॉलिशचा वास माझ्या कापडांना लागतो, इकडचे दोरे त्यांच्या ओल्या फळ्यांना जाऊन चिकटतात. त्यावरून आमची भांडणं ठरलेली. भाऊजी म्हणायचे, "मेव्हणीबाई, तुमचा एक दोरा आज एका जजसाहेबांच्या नाकात गेलाय, चिमट्याने काढावा लागला." मी म्हणायचे, "आणि माझ्या गिऱ्हाइकाने काल फ्रॉक हुंगून विचारलं, हा कपाटात शिवला का?"

लग्न होऊन आली तेव्हा ताईला यातलं ओ की ठो येत नव्हतं. सुरुवातीलाच तिने एका नवरीचा चेहरा पुसायला घेतला, तोही ओल्या फडक्याने. रेघांमधली काजळी फडक्याबरोबर ओढली गेली आणि नवरीला झुपकेदार मिशा फुटल्या. भाऊजी रागावतील म्हणून ताई ती फळी पोटाशी धरून माळ्यावर जाऊन बसली. भाऊजींनी तिला शोधून काढलं, फळी बघितली आणि पोट धरून हसले. "मिशा छान आल्यात," म्हणाले, "नवरदेवाला दाखवू नकोस, त्याला कमीपणा वाटेल." मग त्यांनीच तिला बसवून शिकवलं. आधी बारीक पॉलिश पेपरने, लाकडाच्या नसांच्या दिशेने, हलक्या हाताने घासायचं. मग सीलरचा, म्हणजे बिनरंगी अस्तराचा, पातळ हात द्यायचा, म्हणजे काजळी जागच्या जागी बसते. त्यानंतरच स्टेन, आणि तोही आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर लावून बघायचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस मुळातच कडू होता. तसं नाही. गोड माणूस होता. अजूनही आहे, मधूनमधून.

ताईने ते काम असं उचललं की थोड्या वर्षांनी भाऊजी तिच्या बाजूकडे फिरकेनासे झाले. गरजच नव्हती. जाळलेल्या कामाला स्टेन फिकट लागतो. गडद दिला की रेघ त्यात बुडते, तपकिरीवर तपकिरी काय दिसणार? ताईचा स्टेन मधासारखा असायचा, आणि त्यातून भाऊजींची रेघ अशी वर यायची की चेहरा आता बोलेल असं वाटायचं. लावल्यावर किती वेळाने पुसायचा, हे ती घड्याळाकडे बघून ठरवायची नाही. फळीवर वाकून बघत बसायची आणि एकदम फडकं उचलायची. कशावरून कळतं म्हणून विचारलं तर म्हणायची, "तुला पीठ कधी भिजलं ते कळतं ना? तसंच."

आता एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ताजी जाळलेली रेघ खोटं बोलते. तिच्या दोन्ही अंगांना धुरकट, तपकिरी कड असते, वर काजळी असते, त्यामुळे सगळं मऊ आणि बरं दिसतं. घासून काढल्यावर सीलरचा तो पहिला, बिनरंगी हात बसला की मात्र लाकूड उघडतं. रेघ जशी आहे तशी समोर येते. आणि ती तशी फक्त ताईला दिसायची. भाऊजी तोवर पुढच्या फळीवर वाकलेले असायचे. त्यांच्या नजरेस ती फळी परत पडायची ती रंग होऊन, पॉलिश होऊन, कागदात गुंडाळायच्या वेळी.

त्यामुळे भाऊजींचा हात कापायला लागलाय हे ताईला सगळ्यात आधी कळलं. भाऊजींच्याही आधी.

मला कळलं ते असं. त्यांच्याकडची लाकडाची पूड माझ्या पांढऱ्या कापडावर आली म्हणून मी तावातावाने तिकडे गेले. भाऊजी बाहेर गेले होते. ताई खिडकीपाशी बसून एका घराच्या पाटीवर बारीक ब्रशने काहीतरी करत होती. अक्षरांच्या कडेकडेने गडद स्टेन भरत होती.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"सावली देतेय. उठाव येतो."

मी दिवसभर सरळ शिवण बघणारी बाई आहे. वाकडी रेघ मला लांबूनही दिसते. मी वाकून अक्षरांचे उभे दांडे बघितले. ते दांडे उभे नव्हतेच. वरून खालपर्यंत बारीक बारीक हलत आले होते. आणि ताई जिथे रेघ बाहेर गेली होती तिथे शेजारचं लाकूडच गडद करत होती, म्हणजे बाहेर गेलेलं आत गेल्यासारखं दिसावं.

"ताई, किती दिवस चाललंय हे?"

ती ब्रश पुसत राहिली.

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"डॉक्टरला दाखवायला नको? वेडी आहेस का तू? हात कापतोय त्यांचा!"

"हळू बोल," ती म्हणाली. "मला काय कळत नाही? परवा चहा पिताना बशी वाजली. मी नुसतं बघितलं, बोलले काहीच नाही. तर दिवसभर त्यांनी पेन हातात घेतलं नाही. तोंड फिरवून झोपून राहिले. त्या पेनाशिवाय त्यांच्याजवळ काय राहतं, सांग?"

"तू राहतेस की."

"मी पुरत नाही गं," ताई म्हणाली, आणि परत ब्रश बुडवला.

मला तिचा रागही आला आणि रडूही आलं. रागच जास्त आला, तो मला लवकर येतो. दुखणं झाकून बरं होत नाही, वाढतं, हे मी तिला दहा वेळा सुनावलं. ती दर वेळी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बघू." ताईच्या "बघू"चा अर्थ "नाही" असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

दिवस जातील तसा भाऊजींचा हात बिघडत गेला आणि ताईचा स्टेन गडद होत गेला. मधाचा डबा मागे गेला, अक्रोडी रंगाचा पुढे आला. चेहऱ्यांच्या मागे अंधार दाटायला लागला. कपाळाची रेघ हलली की केस खाली आले, हनुवटीची हलली की गळ्याखाली सावली पडली. काय कारागिरी होती ती! मी शपथेवर सांगते, तिने आयुष्यात इतकं चांगलं काम कधी केलं नव्हतं. आणि ते बघणाऱ्याला वाटायचं, या बाईने छान चित्राची माती केली.

गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. एकाने विचारलं, हा फोटो वीज गेल्यावर काढला होता का? भाऊजी चिडायचे आणि सगळं खापर ताईवर फोडायचे. "अगं, मी मर मर मरून रेघ काढतो आणि तू तिच्यावर डांबर ओततेस! मधाचा रंग विसरलीस का?" ताई म्हणायची, "लाकूड जास्त पितंय हल्ली." किंवा, "डब्यातलाच रंग गडद आलाय." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण सवयीने जमायला लागलं.

हात कापतो हे भाऊजींना अजिबात जाणवत नसेल? जाणवत असणारच. पण जाणवणं वेगळं आणि मानणं वेगळं. त्यांच्याकडे कारणं तयार होती. पेनाची तार जुनी झाली. वीज कमीजास्त होते. आणि सगळ्यात लाडकं कारण मी. "मेव्हणीबाई, तुमच्या मशीनच्या खडखडाटाने माझं टेबल हलतं हो." हे आधी थट्टेत होतं. मग थट्टा गेली आणि कारण उरलं. डोळे किंवा ओठ काढायचे असले की ते प्लायवूडवर टकटक करायचे, आणि मी मशीन थांबवून हाताने काज करत बसायचे. तेवढाच माझा हातभार. रेघेचं हलणं काही थांबायचं नाही.

वाचनालयाच्या बाई आल्या त्या दिवशी मी तिकडेच होते. त्यांचं वाचनालय ज्या सरांनी सुरू केलं त्यांचा चेहरा त्यांनी करायला दिला होता, मोठ्या हॉलमध्ये लावायला. सरांना गोल चष्मा होता. चटक्याच्या कामात गोल रेघेइतकं अवघड काही नाही. मध्ये थांबता येत नाही, थांबलं की तिथे काळा ठिपका पडतो. ताईने त्या चष्म्यावर किती मेहनत घेतली होती ते मी बघितलं होतं. काचांच्या भोवती इतकी दाट सावली भरली, की आतला गोल अगदी नाण्यासारखा दिसायला लागला. पण चेहरा मात्र रात्री खिडकीतून दिसावा तसा झाला.

बाई सज्जन. त्यांनी फळी परत आणली होती, पण बोलायला लाजत होत्या. "चेहरा अगदी सरांचाच आहे," त्या म्हणाल्या, "पण फार काळवंडलाय. हॉलमध्ये एवढा उजेड असूनही लोकांना जवळ जाऊन बघावं लागतं."

भाऊजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी ताईकडे बोट केलं.

"हिला विचारा! माझं काम चोख असतं. ही नासवते. हात जड झालाय हिचा, डोळे गेलेत, पण डबा सोडवत नाही. मी म्हणतो, येत नसेल तर घरी बसावं माणसाने!"

ताई खाली बघत फडक्याची घडी घालत राहिली. घातलेली घडी उलगडून परत घातली. मी तोंड उघडलं, तशी तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं. मला अजूनही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. येत नसेल तर घरी बसावं म्हणे! कोणी कोणाला म्हणावं हे!

"दुसरा करून देतो," भाऊजी बाईंना म्हणाले. "या वेळी फिनिशिंगसुद्धा मीच करणार. स्टेन नाहीच. नुसतं स्वच्छ पॉलिश. हिला हात लावू देणार नाही."

बाई गेल्या. ताई माझ्याकडे आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. बोलणं जिव्हारी लागलं असेल असं मला वाटलं. पण तिच्या डोक्यात ते नव्हतंच.

"ते सीलर लावतील," ती म्हणाली. "त्यांना दिसेल गं."

"दिसू दे एकदाचं."

"तुला बोलायला काय जातंय? तू त्यांना आतून बघितलेलं नाहीस."

नंतरचे दिवस ताईने जे काही करायचं ते केलं. आधी म्हणाली, गडद लाकडाची फळी घ्या, सरांना शोभेल. भाऊजींनी सगळ्यात फिकट, पांढुरकी फळी निवडली. मग म्हणाली, चष्म्याशिवाय काढा. "चष्म्याशिवाय त्यांना त्यांची बायको तरी ओळखेल का?" असं म्हणून भाऊजी हसले. तिने सीलरचा डबा माझ्याकडे आणून कापडांच्या मागे लपवला आणि संपला म्हणून सांगितलं. भाऊजी स्वतः जाऊन नवा घेऊन आले. चष्मा काढायच्या दिवशी त्यांनी प्लायवूडवर टकटक केली, आणि मी मशीन थांबवलं. पलीकडून जळत्या लाकडाचा वास येत राहिला. ताई माझ्या दारात उभी होती, पदराचं टोक पिळत. आतून भाऊजींचा आवाज आला, "वा! जमला!" ताईने डोळे मिटून घेतले.

सीलर लावायच्या दिवशी दुकानात उजेड भरपूर होता. भाऊजींनी फळी खिडकीखालच्या टेबलावर आडवी ठेवली, पॉलिश पेपरने घासली, पूड फुंकली, रुंद ब्रश बुडवला आणि वरून खाली हात ओढत आणला. ताई पाठीमागे उभी. मी मधल्या वाटेत. लाकूड ओलं झालं, पिवळसर झालं, नसा वर आल्या. सरांचे केस, कपाळ, मग चष्मा.

भाऊजी थांबले.

त्यांनी फळी तिरकी करून बघितली. "ब्रशचे केस सुटलेत," ते म्हणाले, आणि बोटाने काच पुसली. काही निघालं नाही. "लाकूडच खराब दिसतंय." चष्म्याच्या दोन्ही काचा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. भुवया तशा, ओठ तसे. सगळा चेहरा थंडीत उघडा बसवलेल्या माणसासारखा दिसत होता.

"मेव्हणीबाई," भाऊजी मान न वळवता म्हणाले, "परवा मी चष्मा करत होतो, तेव्हा तुमचं मशीन चालू होतं का?"

त्यांच्या पाठीमागून ताई मला खुणा करत होती. हो म्हण, हो म्हण. हात जोडले तिने माझ्यापुढे. मोठ्या बहिणीने.

मी म्हणाले, "बंद होतं, भाऊजी."

खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही झालं नाही. ताईचा चेहरा बघितला आणि वाटलं, मेली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण परत कोणी विचारलं तर मी तेच सांगेन, कारण त्या खोट्याच्या ओझ्याखाली माझी बहीण वाकत चालली होती आणि ते बघणं मला जमत नव्हतं.

भाऊजी उठले. कोपऱ्यात बाईंनी परत आणलेली जुनी फळी होती, ती त्यांनी टेबलावर आणली. फडक्यावर थिनर घेतला आणि चष्म्याच्या एका काचेवर चोळायला लागले. ताई म्हणाली, "अहो, राहू द्या ना." त्यांनी ऐकलं नाही. पॉलिश सुटलं, त्याखालचा स्टेन सुटला, फडकं तपकिरी झालं, आणि खालून गोल रेघ वर आली. तशीच. आणि तिच्या कडेकडेने ताईने बारीक ब्रशने भरलेली सावली अजून थोडी शिल्लक होती, एकेक खाच बुजवत गेलेली.

भाऊजी हाडाचे कारागीर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ते त्या अर्ध्या पुसलेल्या काचेकडे बघत बसले.

वाचनालयाच्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या तेव्हा दोन्ही फळ्या टेबलावर होत्या. ताईने दारातच त्यांना गाठलं आणि घाईघाईने सुरुवात केली, "बाई, माझ्याकडूनच परत जरा..."

"तू थांब," भाऊजी म्हणाले. मग बाईंकडे वळले. "मागच्या वेळी मी तुमच्यासमोर हिला बोललो. ते सगळं मागे घेतो. हात हिचा जड नाही. माझा हात कापतो. ही झाकत होती."

आणि त्यांनी उजवा हात पुढे करून दाखवला. हवेत धरलेला तो हात मी पहिल्यांदाच नीट बघितला. बाईही बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "मास्तर, बसा तुम्ही."

त्यांनी जुनाच चेहरा घ्यायचं ठरवलं, पुसलेली काच परत भरून. "तो अंधारातला असला तरी सर वाटतात," त्या म्हणाल्या. ताई मानेनेच हो म्हणाली. बाई जाईपर्यंत ती उभी होती. मग तिचा बांध फुटला. भाऊजींनी कबूल केलं म्हणून ती सुखावेल असं मला वाटलं होतं. मी मूर्ख.

"कशाला सांगितलंत?" ती ओरडली. ताईला मी एवढ्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आता गल्लीभर होईल. कोण येईल तुमच्याकडे चेहरा घेऊन? माझ्या डोक्यावर होतं ते काय वाईट होतं? माझं काय जात होतं? मी ऐकून घेत होते ना!"

"तू ऐकून घेत होतीस," भाऊजी म्हणाले, "आणि मी बोलत होतो." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"ही दुसरीच फळी," ताई म्हणाली.

समोरच्या कप्प्यात तयार कामं ओळीने उभी होती. पाट्या, चेहरे, एक मांजर, सगळी गडद. भाऊजींनी त्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर बरं झालं असतं. हे मी ताईला आधीच बजावलं होतं, पण तेव्हा मात्र गप्प बसले. तिनेही डॉक्टरकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडेच बघितलं, आणि बाहेर पडेपर्यंत माझा हात सोडला नाही. गोळ्यांनी हात थोडा स्थिरावतो, पण पेन धरण्याइतका नाही. ताई म्हणाली तसंच झालं, चेहरे यायचे बंद झाले. आता ती सुताराकडच्या खुर्च्या आणि पाळणे पॉलिशला घेते. भाऊजी घासून देतात. घासायला कापरा हात चालतो, असं ते स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात. कधी हसतात आणि मध्येच थांबतात.

वाचनालयात ताईची फळी लागली. भाऊजींची ती उघडी, फिकट फळी त्यांनी दुकानात समोरच्या भिंतीला टांगली. ताईला ती डोळ्यांसमोर नको असते. ती रोज दुकान उघडलं की आधी फळी उलटी करते, सरांचं तोंड भिंतीकडे. भाऊजी आले की उठून परत सुलटी करतात. यावर दोघं अवाक्षर बोलत नाहीत. पलीकडून मला फक्त दोरीचा आणि खिळ्याचा आवाज येतो, आधी एकदा, मग परत एकदा. मी म्हणते, संसार आहे, कुणाचा कशावर चालेल सांगता येत नाही.

काल तो दुसरा आवाज थांबेच ना. लाकूड भिंतीवर आपटत होतं, पुन्हा पुन्हा. मी उठून बघितलं. भाऊजी फळी दोन्ही हातांनी वर धरून उभे होते आणि दोरी काही केल्या खिळ्यात जात नव्हती. खिळ्याच्या डावीकडे जायची, उजवीकडे जायची. पाळण्याचं पॉलिश करत बसलेली ताई बघत होती. मला वाटलं, आता ती फळी घेईल आणि ठेवून देईल कुठेतरी अडगळीत. तिच्या मनासारखंच झालं होतं.

तिने फडकं खाली ठेवलं. त्यांच्याजवळ गेली, हातातून फळी घेतली, दोरी खिळ्यात अडकवली आणि फळी सरळ केली, सरांचं तोंड आमच्याकडे. मग भाऊजींचा उजवा हात आपल्या दोन्ही तपकिरी हातांत धरून ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. भाऊजी चष्म्याच्या गोल रेघेकडे बघत होते.

मी मधल्या वाटेत उभी आहे हे ताईच्या लक्षात आलं. तिने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, "बघत काय बसलीस? मशीन चालू कर तुझं."